मृत्यू आणि रूपांतर या विषयावर एखाद्या तरुण कलाकाराचं काम सुचवाल का?

ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टचं सुरुवातीचं काम बघ, तेव्हा तो पंचविशीत होता. सगळे त्याचा फॉर्मल्डिहाइडमधला (मेलेलं शरीर टिकवणाऱ्या द्रावात ठेवलेला) शार्क (१९९१) सांगतात, पण मला त्याच्या आधीचं, १९९० चं ‘अ थाउजंड इयर्स’ जास्त भिडतं. एक मोठी काचेची पेटी, मधे काचेचीच भिंत आणि तिला भोकं, एका बाजूला पांढऱ्या खोक्यात अळ्यांच्या माश्या होतात, मग त्या भोकातून पलीकडे जातात जिथे गाईचं कापलेलं डोकं पडलंय आणि वर माश्या मारायचं इलेक्ट्रिक मशीन लटकतंय, मिठाईच्या दुकानात निळ्या लाइटचं असतं ना तसंच. काही तिथेच मरतात, काही अंडी घालतात, परत अळ्या. म्हणजे मरण नुसतं दाखवलेलं नाहीये, ते तुमच्यासमोर खरंच घडतंय. किळस येते, येऊ दे, त्या किळसेपाशी जरा थांब.

१९९१ ला त्याने कॅनव्हासवर कोष चिकटवले आणि त्यातून गॅलरीतच जिवंत फुलपाखरं बाहेर आली, खालच्या मजल्यावर मात्र रंगात चिकटलेली मेलेली. सुंदर आहे, पण जिवंत प्राणी असे वापरणं मला अजूनही पटत नाही.