शहराच्या मध्यवस्तीतलं उद्यान नीट चालवलं, तर आसपासचा भाग खरंच सावरतो का?

हो, सावरतो. मात्र एकदा सुशोभीकरण करून नाही. ते उद्यान रोजच्या रोज कोणीतरी चालवावं लागतं. न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क मी उदाहरण म्हणून घेतो, कारण तिथे काय बिघडलं आणि काय केल्यावर सुधारलं हे पायरीपायरीने सांगता येतं.

मॅनहॅटनमध्ये सार्वजनिक ग्रंथालयाच्या पाठीमागे, ४२व्या रस्त्याला लागून हे उद्यान आहे. १९३४ मध्ये त्याची नव्याने आखणी झाली, तेव्हा रहदारीपासून निवांतपणा मिळावा म्हणून जमीन रस्त्यापेक्षा साधारण ४ फूट उंच ठेवली, भोवती लोखंडी कठडा आणि दाट झुडपं लावली, आत शिरायच्या वाटा मोजक्याच ठेवल्या. १९७०च्या दशकात याच रचनेने घात केला. आत काय चाललंय ते फुटपाथवरून दिसेना, आणि आत गेलेल्याला वेळ आली तर चटकन बाहेर पडता येईना. अमली पदार्थ विकणाऱ्यांना याहून सोयीची जागा कुठली? आसपासच्या कचेऱ्यांतले लोक वळसा घालून जाऊ लागले.

विल्यम व्हाइट हे लोक सार्वजनिक जागा कशा वापरतात याचं निरीक्षण करणारे अभ्यासक. १९७९ मध्ये त्यांनी या उद्यानाची पाहणी केली. त्यांचं निदान थोडक्यात असं: उद्यान ओस पडलंय म्हणून गर्दुल्ल्यांनी ते बळकावलंय, नुसतं त्यांना हुसकावून उपयोग नाही, बाकीच्यांना आत आणा. मला हे निदान सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यातून निघाला.

१९८० मध्ये डॅन बिडरमन आणि अँड्र्यू हायस्केल यांनी उद्यानासाठी एक ना-नफा संस्था उभी केली. तिने बांधकामाला लगेच हात घातला नाही. आधी रोजची झाडलोट आणि पहारा, मग पुस्तकांचे-फुलांचे स्टॉल, आणि १९८३ मध्ये संगीत-नृत्याच्या कार्यक्रमांची तिकिटं सवलतीत विकणारी खिडकी. म्हणजे आत यायला निमित्त आधी दिलं. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो: आधी कारंजं, मग उद्घाटन, आणि माणसं कशासाठी येतील हा प्रश्न शेवटी.

१९८८ ते १९९२ उद्यान बंद ठेवून मोठं काम झालं. लॉरी ओलिन यांच्या आराखड्यानुसार झुडपांचं कुंपण काढलं, नव्या वाटा उघडल्या, उतार केले. लिंडन मिलर यांनी हिरवळीच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब फुलझाडांचे पट्टे आखले. रात्रीसाठी शेजारच्या उंच इमारतीच्या छतावरून प्रकाशझोत सोडले, त्यामुळे अंधारे कोपरे उरले नाहीत. याच काळात हिरवळीखाली ग्रंथालयाचं पुस्तकांचं भांडारही बांधलं गेलं.

आता खुर्च्या. सिमेंटचे बाक न ठेवता हलक्या, घडीच्या, कुठेही उचलून नेता येतील अशा खुर्च्या ठेवल्या. सुरुवातीला सुमारे २,०००, पुढे त्या दुपटीच्या आसपास गेल्या. साखळीने बांधल्या नाहीत. माणूस बसण्याआधी खुर्ची चार बोटं तरी सरकवतो, हे व्हाइट यांचं निरीक्षण. ऊन-सावली, एकटं बसायचं की घोळक्यात, हे ज्याचं त्याला ठरवता आलं की तो जास्त वेळ थांबतो. चोऱ्या होतील ही भीती असते, पण माणसं भरपूर असली की त्या आटोक्यात राहतात.

स्वच्छतागृहाकडे विशेष लक्ष द्या. ब्रायंट पार्कमध्ये तिथे ताजी फुलं असतात आणि साफसफाईला माणूस हजर असतो. ही चैन नव्हे. बायका तासभर थांबतील की दहा मिनिटांत निघतील हे पुष्कळदा इथेच ठरतं, आणि बायकांचं प्रमाण हाच तिथला मुख्य मापदंड आहे. कर्मचारी दुपारी हातातल्या दोन मोजणीयंत्रांवर पुरुष आणि बायका वेगवेगळे मोजतात. बायका निम्म्याच्या खाली घसरू लागल्या की कुठेतरी बिघडलंय: दिवा गेलाय, दुर्गंधी आहे, एखादा कोपरा कुणीतरी बळकावलाय.

पैसा कुठून? आसपासच्या इमारतमालकांकडून घेतलेली जादा वर्गणी, उपाहारगृहांचं भाडं, कार्यक्रम, आणि हिवाळ्यात स्केटिंगसाठी केलेल्या बर्फाच्या मैदानाभोवती लागणारी दुकानं. महत्त्वाचं म्हणजे हा पैसा उद्यानातच खर्च होतो. महापालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत गेलेलं भाडं झाडांपर्यंत परत येईलच असं नाही.

याची दुसरी बाजूही आहे. फॅशन वीकचे तंबू २०१०पर्यंत वर्षातून दोनदा हिरवळ अडवत, त्यावर बरीच नाराजी होती. बर्फाचं मैदान उठल्यावर हिरवळ नव्याने अंथरावी लागते. सार्वजनिक जागा खासगी संस्थेच्या हाती देण्यावर समाजशास्त्रज्ञांनी टीका केली, ती मला रास्त वाटते. म्हणून किती दिवस जागा अडवता येईल आणि प्रवेश कायम फुकट राहील, हे करारातच लिहून घ्यावं.

आसपास काय झालं? ज्या जागेला लोक टाळत होते, तिचंच नाव २००९ मध्ये पूर्ण झालेल्या बँक ऑफ अमेरिका टॉवरने पत्ता म्हणून घेतलं: वन ब्रायंट पार्क. पण सगळं श्रेय उद्यानाला देऊ नका. १९९०च्या दशकात साऱ्या न्यूयॉर्कमध्येच गुन्हे घटले आणि शेजारचा टाइम्स स्क्वेअरही बदलला.

तुमच्या शहरात सुरुवात करायची असेल, तर आधी दुपारी उद्यान उघडं असतं का ते बघा. आपल्याकडची बरीच महापालिका उद्यानं नेमकी जेवणाच्या सुट्टीत कुलूपबंद असतात, मग शेजारच्या कचेऱ्या-दुकानांतली माणसं येणार कधी? नंतर फुटपाथवर उभं राहून आतला मधला भाग दिसतो का ते तपासा. न्यूयॉर्कच्या १९७५च्या नियमांत इमारतींपुढच्या सार्वजनिक चौकांसाठी दोन मापं होती, ती इथेही कामी येतात: दर ३० चौरस फुटांमागे बसायला १ फूट लांबीची जागा, आणि जमिनीची पातळी फुटपाथपेक्षा ३ फुटांहून जास्त वर किंवा खाली नको. बसायचा कट्टा १ ते ३ फूट उंचीत कुठेही चालतो. शेवटी आठवडाभर दुपारी एक वाजता माणसं मोजा, बायका वेगळ्या, आणि ते आकडे घेऊनच वॉर्ड ऑफिसात जा. निविदा निघेल तेव्हा कंत्राटात फक्त झाडं-फरशा नकोत. दिवसभर हजर राहणारा एक जबाबदार माणूस, बिघडलेला दिवा बदलायची मुदत आणि स्वच्छतागृह दिवसातून किती वेळा धुवायचं, हेही लिहायला लावा.