वादळ लांब असताना किनाऱ्यावर लाटा का उसळतात?

तुम्ही विचारलंय की वादळ चार-पाचशे किलोमीटर लांब आहे, इकडे झाडाचं पान हलत नाही, तरी लाटा एवढ्या मोठ्या कशा? आणि खोल पाण्यात होडीला नुसती झुलवणारी लाट किनाऱ्याशी येऊनच का उसळते?

१५ मे २०२१ ला तौक्ते वादळ गोव्याच्याही खाली होतं. दापोलीजवळच्या आमच्या गावात कडक ऊन आणि वारा पडलेला. काकांनी मात्र होडी ओढून पार माडांपर्यंत आणायला लावली. मी म्हटलं, समुद्र तर शांत आहे. ते म्हणाले, "उंची नको बघू, दोन लाटांमधला वेळ मोज." मोजला. एरवी दुपारच्या वाऱ्याची लाट पाच-सहा सेकंदांनी येते, तेव्हा दहा-अकरा सेकंद लागत होते.

त्या आकड्यातच उत्तर आहे. वारा जितका जोरात आणि जितक्या लांबवर पाणी रेटतो, तितका हा वेळ वाढतो. आणि वेळ जास्त तितकी लाट वेगवान. १२ सेकंदांच्या लाटांचा जोर ५०० किलोमीटर साधारण १५ तासांत येऊन पोचतो, ६ सेकंदांच्या लाटांना ३० तास लागतात. खोल समुद्रात एकेक लाट याच्या दुप्पट वेगाने धावते, पण जोर तिच्या निम्म्या वेगानेच पुढे सरकतो. तिकडचं पाणी इकडे येत नाही, येतो तो फक्त हेलकावा.

१२ सेकंदांची लाट खोल समुद्रात सुमारे २२५ मीटर लांब असते. पाणी तिच्या लांबीच्या निम्म्याहून उथळ झालं, म्हणजे ११०-११५ मीटरच्या आत आलं, की तिला तळ लागतो आणि पुढे वेग घटू लागतो. ताशी ६७ किलोमीटरने धावणारी लाट ५ मीटर पाण्यात २५ वर येते. मागच्या लाटा मात्र ठरल्या सेकंदाला येतच असतात. मग लाटेची लांबी आखडते आणि तोच जोर उंचीत चढतो. पाण्याची खोली उंचीच्या सव्वापट उरली की ती फुटते, म्हणजे दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात. उधाणाची भरती असेल आणि वर वादळाने फुगलेलं पाणी असेल, तर तीच लाट पुळणीवर लांब न फुटता थेट बंधाऱ्यावर येऊन आदळते.

लाट वळतेही. बैलगाडीचं एक चाक चिखलात रुतलं की गाडी त्या बाजूला ओढली जाते, तसंच उथळात आलेलं टोक मागे पडतं आणि लाट तिकडे वळते. त्यामुळे समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकांवर दोन्ही बाजूंनी जोर एकवटतो, खाडीच्या कुशीत तो पसरून मंदावतो. फोटोसाठी लोक नेमके त्या टोकांवरच जाऊन उभे राहतात, ते बघून माझा जीव खालीवर होतो.

लांबून आलेल्या लाटा घोळक्याने येतात. चार-सहा मोठ्या आल्या की काही मिनिटं समुद्र निवल्यासारखा वाटतो. तो निवलेला नसतो, पुढचा घोळका वाटेत असतो. खडकावर उतरण्याआधी निदान वीस मिनिटं वर उभं राहून बघा, आणि खडक कुठवर ओला आहे ते बघा. ओल जिथवर आहे, तिथवर लाट आज येऊन गेलेली आहे. भरती चढती असेल तर पुढची त्याच्याही वर येईल.