गच्चीवरचा गाळ आणि आकाशातला कार्बन

प्रश्न : शाळेच्या स्लॅबवरच्या गाळातून चुंबकाने अवकाशातली धूळ वेचता येते, असं ऐकलं. त्यात सेंद्रिय पदार्थही मिळतील का? (विज्ञान शिक्षक, सेलू, जि. परभणी)

उत्तर : धूळ मिळेल, सेंद्रिय पदार्थ नाहीत. (शेणखतातलं 'सेंद्रिय' इथे बाजूला ठेवा. कार्बनचे रेणू, मग ते जीवाने केलेले असोत वा नसोत, एवढाच अर्थ.)

पाणी उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी साचलेला गाळ दोन-तीन किलो काढा. माळवदाचं छप्पर नको, तिथे नुसती मातीच हाती लागेल. गंजलेले पत्रेही नकोत. गाळ बादलीत ढवळून गढूळ पाणी ओतत राहा, निवळ होईपर्यंत. उन्हात वाळवून चहाच्या गाळणीने चाळा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच फिरवा. उघड्या चुंबकाला चिकटलेले कण निघता निघत नाहीत. पिशवी कागदावर धरून चुंबक बाहेर ओढला की ते आपोआप झडतात.

आता आपल्याकडची खरी अडचण. काळी जमीन बेसाल्ट झिजून झालेली, त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज. चुंबकाला भरभरून चिकटतं ते बहुतेक शेतातून उडून आलेलं. हे कण कोनदार असतात, ते बाजूला काढा. गोल दिसला म्हणूनही हुरळू नका : वेल्डिंगच्या ठिणग्या आणि फटाक्यांचे गोळेही गोल आणि गुळगुळीत. अवकाशातल्या गोळ्यावर सूक्ष्मदर्शकातून स्फटिकांच्या समांतर रेघा किंवा फांद्यांसारखी नक्षी दिसते. आकार साधारण 0.1 ते 0.5 मि.मी. युरोपात छपरांवरच्या 300 किलो गाळातून असे सुमारे 500 कण निघाले, यावरून धीर किती धरायचा ते ठरवा. शेवटची खात्री मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूलद्रव्यं तपासल्यावरच.

आणि हा कण गोल झाला तो वितळून. एवढ्या उष्णतेत सेंद्रिय रेणू कुठले टिकायला? टिकतात ते त्याहून बारीक कणांत. विरळ हवेतच त्यांचा वेग मोडतो, म्हणून ते फार तापत नाहीत. ते पकडायला नासाची विमानं 20 कि.मी. उंचीवर सिलिकॉन तेल लावलेल्या पट्ट्या घेऊन जातात.

प्रश्न : उल्केतली अमिनो आम्लं खरंच वरून आलेली, हे कसं ओळखतात? हाताचा घामही लागलेला असेल की! (वाचक, लातूर)

उत्तर : शंका रास्त आहे. बोटाच्या ठशातही अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते रेणू) असतात. म्हणून पृथ्वीवरच्या जीवांत क्वचितच आढळणारी शोधतात. 1969 साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत आयसोव्हॅलिन मिळालं, ते असंच. दुसरी खूण म्हणजे डावे-उजवे रेणू, आपल्या दोन हातांसारखी एकमेकांची आरशातली रूपं. जीव प्रथिनांसाठी डावेच वापरतात. 2023 मध्ये बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या 121.6 ग्रॅम नमुन्यात प्रथिनांतल्या 20 पैकी 14 अमिनो आम्लं निघाली, आणि त्यांत डावे-उजवे जवळपास सारखेच. तिसरी खूण कार्बन-13, म्हणजे कार्बनच्याच अणूचं जरा जड रूप. वाइल्ड-2 धूमकेतूची धूळ 2006 मध्ये पृथ्वीवर आली, तेव्हा नमुन्यांत चक्क नायलॉनचा अंश मिसळलेला निघाला. म्हणून त्यांतल्या ग्लायसिन या अमिनो आम्लातला कार्बन-13 मोजला, तो पृथ्वीवरच्यापेक्षा जास्त भरला, तेव्हा कुठे 2009 मध्ये ते धूमकेतूचं म्हणून जाहीर झालं.