डेंग्यू एकदा झाला म्हणजे सुटलो का?

प्रश्न : माझ्या मुलाला गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला होता. कांजिण्या आणि गोवर एकदा होऊन गेले की पुन्हा होत नाहीत, म्हणून डेंग्यूचीही आता भीती नाही, असे सासूबाई म्हणतात. शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास सुरू असल्याने इथे डास फार आहेत. शरीर झालेला आजार खरोखर लक्षात ठेवते का?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : शरीर आजार लक्षात ठेवते, आणि सासूबाईंचे निरीक्षण गोवर व कांजिण्यांबाबत बव्हंशी खरेही आहे, परंतु तोच नियम डेंग्यूला लावणे धोक्याचे ठरेल.

नवा विषाणू शरीरात शिरला की रक्तातील असंख्य बी पेशींपैकी (संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ज्या थोड्या त्याच्याशी जुळतात, त्याच लसिका ग्रंथींमध्ये झपाट्याने वाढू लागतात, आणि त्या वाढीत विषाणूला अधिकाधिक घट्ट धरणाऱ्या पेशींची निवड होत जाते. आजारपणात मुलाच्या गळ्याला जी अवधाणाची गाठ हाताला लागते, ती बहुधा याच धामधुमीची खूण असते. आजार ओसरल्यावर यांतील बहुतेक पेशी मरतात. काही मात्र स्मृतिपेशी म्हणून उरतात, तर काही अस्थिमज्जेत मुक्काम ठोकून वर्षानुवर्षे प्रतिपिंडे (विषाणूला चिकटून त्याला निष्प्रभ करणारी प्रथिने) तयार करत राहतात. टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचीही अशीच स्मृती असते. म्हणूनच पहिल्या वेळी प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडाभर किंवा अधिक काळ लागतो, तर दुसऱ्या वेळी हेच काम काही दिवसांत उरकते.

ही स्मृती किती टिकते? १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली, तेव्हा ज्या वृद्धांना १७८१ च्या साथीत गोवर झाला होता त्यांना तो पुन्हा झाला नाही, अशी नोंद पीटर पानुम या डॅनिश डॉक्टरांनी केली आहे. म्हणजे तब्बल ६५ वर्षे! (तरीही गोवर होऊन गेलेला बरा, असे कोणी म्हणू नये, तो इतर आजारांची साठलेली स्मृती बऱ्याच अंशी पुसून टाकू शकतो. लस तसे करत नाही.)

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एका प्रकाराविरुद्धची स्मृती दीर्घकाळ टिकते, पण इतर तिघांपासून मिळणारे संरक्षण काही महिन्यांतच विरते. त्यानंतर वेगळ्या प्रकाराची लागण झाल्यास जुनी प्रतिपिंडे नव्या विषाणूला चिकटतात खरी, परंतु त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट त्यांच्याच आधाराने तो काही पांढऱ्या पेशींत अधिक सहज शिरतो. त्यामुळे दुसऱ्या वेळचा डेंग्यू गंभीर होण्याची शक्यता वाढते.

म्हणून मुलाला ताप आल्यास डॉक्टरांना गेल्या वर्षीचा आजार न चुकता सांगावा, आणि त्यांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस विशेष जपावेत: पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची सुस्ती दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. शेजारच्या बांधकामावर साठलेल्या पाण्याची तक्रार सोसायटीने महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आताच लेखी द्यावी.