रिपोर्ट यायचाय, तोपर्यंतचे दिवस कसे काढायचे?

तुमचा प्रश्न वाचला. आईच्या मानेतली गाठ सोलापुरात काढून तपासायला पाठवलीय, रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील असं डॉक्टर म्हणालेत. तुम्ही पुण्याला नोकरीला, आई धाकट्या भावाकडे. आईला सगळ्यांनी मिळून 'साधी गाठ आहे' असं सांगून ठेवलंय आणि तुम्ही मात्र रात्र रात्र मोबाईलवर वाचत बसताय. हे दिवस कसे काढायचे, असं विचारलंय.

मी सोलापूरचीच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशोब बघते. काही वर्षांपूर्वी माझ्या मानेत गाठ आली होती आणि मी हेच दिवस काढलेत. शेवटी काय निघालं ते आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना तुमचा जीव त्यातच अडकणार नाही. माझा रिपोर्ट हॉजकिन्स लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या एका कॅन्सरचा आला, केमो झाली, आज मी कामावर जाते. तुमच्या आईचंही तसंच निघेल असं यावरून काहीच ठरत नाही. आपल्याकडे मानेतली गाठ टीबीची निघणं फार नेहमीचं आहे, आणि दात, घसा, डोक्यातली जखम अशा साध्या कारणांनीही गाठी सुजतात.

झोपेचं नंतर बघू. पहिल्यांदा आईला सांगा. तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

आईला काही कळत नाहीय, असं तुम्हाला वाटतंय. तिला कळतंय. मान तिची आहे, टाके तिचे आहेत, आणि पुण्याचा मुलगा अचानक दिवसातून तीन-तीनदा फोन करायला लागलाय हेही तिच्या लक्षात आलंय. आमच्या घरी सगळे माझ्या मायेपोटीच गप्प होते. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की जाऊबाई शेंगाचटणीचा विषय काढायच्या. सासूबाई माझ्या हातातलं भाकरीचं पीठ काढून घ्यायच्या आणि 'तू बस बरं' म्हणायच्या. माझ्या मिस्टरांनी फाईल कपाटावर, गाद्यांच्या मागे ठेवली होती. एका दुपारी मी स्टूल घेऊन ती काढली. पॅथॉलॉजीच्या फॉर्मची झेरॉक्स होती, त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात दोनच शब्द: कॉक्स आणि लिम्फोमा. दोन्हींच्या पुढे प्रश्नचिन्ह. त्या दोन शब्दांसोबत मी संध्याकाळपर्यंत एकटी बसले. घरात पाच माणसं होती आणि विचारायचं कुणाला, हा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी मीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे समजावलं. कॉक्स म्हणजे टीबी. 1882 साली ज्यांनी टीबीचा जंतू शोधला त्या रॉबर्ट कॉक यांच्या नावावरून डॉक्टर लोक तसं लिहितात. फॉर्मवर शक्यता लिहाव्याच लागतात, कारण पॅथॉलॉजिस्टला काय काय शोधायचं ते कळलं पाहिजे. डॉक्टरांनी तो आजार लिहिला म्हणजे त्यांच्या मनात तेच पक्कं झालंय असं नव्हे. एवढं कळल्यावर भीती गेली नाही, पण ती माझ्या हातात आली. तुमच्या आईच्या फाईलमध्येही असंच काहीतरी असेल. तिनं ते स्टुलावर चढून वाचण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकावं.

काय सांगायचं, तर जेवढं खरं आहे तेवढंच. 'आई, गाठ कशाची आहे ते डॉक्टरांनाही अजून माहीत नाही. तपासायला पाठवलीय. टीबी असू शकतो, साधी सूज असू शकते, मोठंही काही असू शकतं. रिपोर्ट आला की तुला सांगणार, तुझ्यापासून काही लपवणार नाही.' मग थांबा आणि तिला बोलू द्या. 'तुमचं तुम्ही बघा रे, मला नका सांगू' असं म्हणणारीही माणसं असतात. ती तसं म्हणाली तर तिचं ऐका. पण ते तिनं ठरवलेलं असावं. ती रडली तर तुम्ही काही बिघडवलं असं समजू नका. एवीतेवी ती एकटी रडत असेलच. हे फोनवर बोलू नका. शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस धरा आणि समोर बसून बोला. धाकट्या भावाला आधी विश्वासात घ्या, नाहीतर तुम्ही एक सांगाल आणि त्याची बायको दुसरं.

आता वेळ का लागतो ते. लॅबवाल्याला रोज फोन केला आणि 'अजून आला नाही' एवढंच ऐकलं की मन नको तिकडे धावतं. काढलेली गाठ आधी फॉर्मालिनमध्ये मुरावी लागते. मग अल्कोहोलनं तिच्यातलं पाणी काढतात, ती मेणात बसवतात, त्या मेणाच्या ठोकळ्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात, ते काचेवर घेऊन रंगवतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. यातली कुठलीच पायरी घाईनं होत नाही. नुसत्या रंगानं नक्की सांगता आलं नाही तर आयएचसी नावाची पुढची तपासणी करतात. त्यात पेशींवरच्या खुणा शोधतात. माझ्या वेळी सीडी 15 आणि सीडी 30 शोधल्या होत्या. त्यासाठी नमुना मोठ्या शहरातल्या लॅबकडे जाऊ शकतो आणि तारीख पुढे जाते. म्हणजे रिपोर्टला उशीर झाला तर तो वाईटच आहे असा अर्थ होत नाही. पॅथॉलॉजिस्ट खात्री करून घेतायत, एवढाच त्याचा अर्थ.

टीबीची शंका असेल तर डॉक्टरांना एवढं विचारा, की नमुन्याचा थोडा भाग फॉर्मालिनमध्ये न टाकता सलाईनमध्ये, सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) यांसाठी पाठवलाय का. सीबीनॅट मशीनवर लावली की दोनेक तासांत कळतं, कल्चरला मात्र सहा आठवडेही लागू शकतात. हे आधी माहीत असलं की 'अजून एक रिपोर्ट बाकी आहे' हे वाक्य छातीत बसत नाही.

त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी ठरवून घ्या: रिपोर्ट तयार झाला की कुणाच्या नंबरवर येणार, आणि तो आल्यावर डॉक्टर कधी भेटणार. हल्ली लॅब रात्री नऊ वाजता व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकून देते, आणि दुसऱ्या दिवशी ओपीडी उघडेपर्यंत घरातली माणसं त्या इंग्रजीशी झगडत बसतात. त्या इंग्रजीत 'रिॲक्टिव्ह' असेल तर बहुतेक वेळा गाठ कशाला तरी प्रतिसाद म्हणून सुजलेली असते. 'ग्रॅन्युलोमा' दिसला तर आपल्याकडे पहिला विचार टीबीचा होतो. 'अटिपिकल' म्हणजे पेशी नेहमीसारख्या दिसत नाहीत, पण तेवढ्यावर कॅन्सर म्हणता येत नाही. 'कोरिलेट क्लिनिकली' म्हणजे पेशंटला तपासून ताळा लावा. अर्थ एवढाच लावा, पुढचा डॉक्टरांना लावू द्या.

तुमच्या रात्रीच्या वाचनाबद्दल. थांबा म्हटलं तर थांबता येत नाही, हे मला माहीत आहे. तुमचं मन कमजोर आहे म्हणून हे होत नाहीय. 2009 साली 'रेडिऑलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. स्तनाची बायोप्सी झाली पण निदान अजून पक्कं झालं नाही, अशा बायकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तपासलं होतं. त्याची दिवसभराची चढउतार कॅन्सर निघालेल्या बायकांसारखीच बिघडलेली होती. शरीराला 'माहीत नाही' हे 'वाईट आहे' इतकंच जड जातं. मला हे पटतं, कारण रिपोर्ट आल्याच्या रात्री मी झोपले. चांगला नव्हता, तरी झोपले. उद्या काय करायचं ते कळलं होतं.

म्हणून या दिवसांत सगळ्या शक्यतांची तयारी करायला जाऊ नका. टीबी निघाला तर, लिम्फोमा निघाला तर, दुसऱ्या कुठल्या अवयवातून आलेलं असलं तर, अशा दहा वाटांवर तुम्ही रोज रात्री चालून येताय. त्यातल्या नऊ वाटांवर जायची वेळच येणार नाही. पुढचं एक पाऊल ठरलेलं असलं की पुरतं, आणि ते म्हणजे अमुक दिवशी, अमुक डॉक्टर, सोबत कोण. जो प्रश्न रात्री उठून शोधावासा वाटतो तो वहीत लिहा आणि डॉक्टरांसमोर वही उघडा. माझ्या वहीतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं रिपोर्टनंच दिली.

मी कामावर जात राहिले, त्याचा सगळ्यात जास्त आधार झाला. सुताची बिलं, जॉबवर्कचे हिशोब, शनिवारचा पगार. आकडा जुळेपर्यंत दुसरं काही डोक्यात येत नाही. आईलाही नुसतं बसवून ठेवू नका. टाक्यांना जपून जमेल ते करू द्या, भाकरी थापायची म्हणाली तर थापू द्या. संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्याकाठी मोकळ्या हवेत घेऊन जा. ती देवाला हात जोडेल, तुम्ही शेजारी उभे राहा.

लोक येतील. आपल्या गावात कुणी आजारी पडलं की माणसं येतातच, आणि ती प्रेमानं येतात. कुणी म्हणेल, गाठीला सुरी लागली की पसरतं. तसं नाहीय. लिम्फोमा आहे की नाही हे गाठीचा भाग तपासल्याशिवाय सांगताच येत नाही, म्हणून ते करणं बरोबरच होतं. कुणी लेप देईल, चोळायला सांगेल. तिथं हात लावू देऊ नका. सूज उतरावी म्हणून डॉक्टरांना न विचारता स्टिरॉइडची गोळी तर अजिबात नको. स्टिरॉइडनं लिम्फोमाची गाठ तात्पुरती आक्रसते आणि पुन्हा नमुना घ्यायची वेळ आली तर निदानच अवघड होऊन बसतं. आलेल्यांना आईसमोर 'आमच्या अमक्याला असंच झालं होतं' सुरू करू देऊ नका. हे काम धाकट्या भावाला द्या.

कागदपत्रांसाठी एक दुपार काढा आणि मग तो विषय बंद करा. रेशनकार्ड, आधारकार्ड, आधीचे रिपोर्ट एका पिशवीत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. कुठल्या दवाखान्यात कुठला उपचार बसतो ते 155388 वर विचारता येतं. टीबी निघाला तर औषधं सरकारकडून मोफत मिळतात, आणि पोषणासाठी महिन्याला 1000 रुपयांच्या हिशोबानं पैसे खात्यात येतात. दुसरं काही निघालं तर बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे; त्यासाठी मुंबईच गाठावी लागते असं नाही. टाटाला दाखवायचं मनात आलं तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, मेणाचा ब्लॉक आणि काचा दोन्ही लागतात. लॅबमधून त्या मागून घेता येतात.

एका बाबतीत मात्र रिपोर्टची वाट बघायची नाही. आईला दम लागायला लागला, आडवं झोपता येईना, चेहरा किंवा गळा सुजला, गिळता येईना, किंवा टाक्याच्या जागी लाली, पू आणि ताप आला, तर रात्र असली तरी लगेच दवाखान्यात न्या.

तुमचंही कुणाशी तरी बोलणं व्हायला हवं. तुम्ही थोरले, म्हणून घरात कुणाजवळ रडता येत नाही, हे तुमच्या लिहिण्यातून कळतंय. एक मित्र निवडा, त्याला सगळं सांगा, आणि रात्री असह्य झालं तर 14416 वर फोन लावा. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात.

रिपोर्टच्या दिवशी आईला सोबत न्या, बाहेरच्या बाकड्यावर बसवून ठेवू नका. आत जाताना डॉक्टरांना म्हणा, 'आईला सगळं माहीत आहे, तिच्याशीच बोला.' निघायच्या आधी दोघंही पोटभर जेवा, दवाखान्यात किती वेळ जाईल सांगता येत नाही. डॉक्टर बोलत असताना भावानं लिहून घ्यावं, कारण तुम्हाला आणि आईला पहिल्या वाक्यानंतरचं काही आठवणार नाही. औषध किंवा तपासणीचं नाव त्यांच्याच हातानं कागदावर लिहून मागा. मूळ रिपोर्ट घरी ठेवा, झेरॉक्स घेऊन फिरा.