वाचकांचे प्रश्न : नारूचे उच्चाटन कुठवर आले?

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे कावीळ आणि जुलाब यांविषयीची असतात. या वेळी मात्र कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे नारू या एकाच रोगाबद्दल आहेत. विषय महत्त्वाचा असल्याने या अंकाची संपूर्ण जागा त्याच पत्रांना दिली आहे.

प्रश्न : माझे आजोळ माणदेशातले. आजीच्या घोट्याजवळ एक जुना वण होता. तिथून नारू बाहेर आला होता आणि काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढून काढला होता, असे ती सांगत असे. माझ्या मुलांना हे खरे वाटत नाही. पाण्यातून एवढा लांब किडा अंगात कसा जातो, आणि हा रोग भारतातून खरोखरच गेला आहे का?
(एक वाचिका, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या आजींनी सांगितलेले सर्व खरे आहे, आणि मुलांना ते तसेच सांगावे. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव असतात. नारूच्या अळ्या त्यांच्या पोटात गेल्या की सुमारे दोन आठवड्यांत माणसाला बाधण्याइतक्या तयार होतात. असे पाणी न गाळता प्यायले तर जठरातील आम्लाने सायक्लॉप्स मरतो, पण त्याच्या आतली अळी मरत नाही. ती आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते आणि वाढू लागते. नर-मादीचा संयोग झाल्यावर नर मरून जातो, मादी मात्र वाढत राहते. या काळात, म्हणजे जवळजवळ वर्षभर, माणसाला कसलाही त्रास जाणवत नाही. मग एक दिवस पोटरीवर, घोट्यावर किंवा पावलावर फोड येतो, त्याची विलक्षण आग होते आणि शेवयाएवढी जाड, साठ ते शंभर सेंटिमीटर लांबीची मादी त्यातून डोके बाहेर काढते.

या आगीतच रोगाच्या प्रसाराचे सारे मर्म आहे. आग शमावी म्हणून रोगी पाय गार पाण्यात सोडतो, आणि पाण्याचा स्पर्श होताच मादी लाखो अळ्या त्या पाण्यात सोडते. ज्या बारवेत पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभे राहून घागर भरण्याची रीत होती, तिथे एका माणसाच्या पायातून आलेला रोग वर्षभरात साऱ्या वस्तीत पसरत असे. पोहऱ्याने पाणी शेंदण्याच्या विहिरीत कोणाचा पाय पाण्याला लागत नाही, म्हणून तिथे ही भीती फारशी नसे. सायक्लॉप्सचा हा संबंध १८७० च्या सुमारास अलेक्सेई फेडचेन्को या रशियन संशोधकाने मध्य आशियातील तुर्कस्तानच्या (आजचा तुर्कस्तान देश नव्हे) मोहिमेत उलगडला. तोवर शतकानुशतके लोक नारू काडीला गुंडाळून काढत होते, पण तो येतो कोठून हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

काडीचा तो उपाय आजही बदललेला नाही, कारण नारूला मारणारे खात्रीचे औषध नाही, लसही नाही, आणि एकदा होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा होणार नाही अशी प्रतिकारशक्तीही येत नाही. रोज काही सेंटिमीटर एवढाच कृमी बाहेर घ्यावा लागतो. घाईने ओढून तो आत तुटला तर भयंकर सूज येते, जखम चिघळते आणि काही वेळा सांधा कायमचा आखडतो. रोगी सहसा दगावत नाही, पण आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहतो, आणि बहुतेक ठिकाणी हे नेमके शेतीच्या कामांच्या दिवसांत घडते. हातावर पोट असलेल्या घरात याचा अर्थ काय होतो, हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता भारताविषयी. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश, कर्नाटक, तमिळनाडू आणि आपला महाराष्ट्र अशा सात राज्यांत हा रोग होता, आणि १९८४ मध्ये देशात सुमारे ४०,००० रुग्ण आढळले होते. कार्यकर्ते गावोगाव, घरोघर जाऊन रुग्ण शोधत. रुग्ण सापडला की जखमेवर मलमपट्टी होई, त्याला पाणवठ्यापासून दूर ठेवले जाई आणि त्या पाण्यात टेमेफॉस हे औषध माणसाला न बाधणाऱ्या अल्प मात्रेत टाकून सायक्लॉप्स मारले जात. दुहेरी कापडाने पाणी गाळण्याची सवय लावली गेली. बारवांच्या पायऱ्या बंद करून त्यांचे शेंदण्याच्या विहिरींत रूपांतर केले गेले, आणि बोअर घेऊन हातपंप बसवले गेले. देशभर पोहोचलेला ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप ज्या ‘सोलापूर पंपा’वरून घडवला गेला तो आपल्याच महाराष्ट्रातला होता, याचा मला फार अभिमान वाटतो. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात नोंदवला गेला, आणि त्यानंतर तीनहून अधिक वर्षे कसून शोध घेऊनही एकही रुग्ण न सापडल्यावर फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे.

प्रश्न : शाळेत विज्ञान शिकवताना मी मुलांना सांगते की देवीनंतर जगातून नाहीसा होणारा दुसरा मानवी रोग नारू असेल. पण हेच वाक्य मी कितीतरी वर्षे सांगत आहे. जगात फक्त दहा-पंधरा रुग्ण उरले असतील, तर एवढ्याशा आकड्यासाठी इतकी वर्षे का लागतात?
(एक शिक्षिका, गडहिंग्लज)

उत्तर : आपला प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. आधी प्रगती केवढी झाली ते पाहू. १९८६ मध्ये जगात दरवर्षी सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असे, असा अंदाज होता. त्याच वर्षी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने या मोहिमेचे नेतृत्व हाती घेतले. पाकिस्तानातला शेवटचा रुग्ण १९९३ मध्ये नोंदवला गेला, भारतातला १९९६ मध्ये, आणि पुढे नायजेरिया व घाना यांसारख्या एकेकाळी सर्वाधिक रुग्ण असलेल्या देशांतूनही रोग हटला. २०१५ मध्ये साऱ्या जगात फक्त २२ रुग्ण उरले होते. लस नाही, औषध नाही, केवळ गाळण्याचे कापड, रुग्णाची देखभाल आणि गावातल्याच स्वयंसेवकांची चिकाटी यांच्या बळावर हे घडले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात याला तोड नाही, असे माझे मत आहे.

पण उच्चाटनाच्या मुदती एकामागून एक हुकत गेल्या. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने १९९५ अखेरची मुदत ठरवली होती. ती उलटली, नंतरच्याही उलटल्या, आणि आता २०३० चे उद्दिष्ट समोर आहे. २०१८ मध्ये रुग्ण २८ झाले, २०१९ मध्ये ५४ झाले, मग पुन्हा खाली येत २०२२, २०२३ आणि २०२४ या तीन वर्षांत अनुक्रमे १३, १४ आणि १५ असे नोंदवले गेले. म्हणजे आकडा तळाशी येऊन तिथेच अडला आहे.

अडण्याचे सर्वांत मोठे कारण कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते. नारू हा फक्त माणसाचा रोग आहे, म्हणून माणसांमधली साखळी तोडली की काम संपले, या गृहीतकावर सारी मोहीम उभी होती. चाड या आफ्रिकी देशात दहा वर्षे एकही रुग्ण नोंदवला गेला नव्हता, आणि २०१० मध्ये तिथे अचानक पुन्हा रुग्ण सापडले. तेही विचित्र रीतीने, चारी नदीच्या काठच्या गावांत इथे एक, तिथे एक असे. पूर्वी एकाच पाणवठ्यावरचे अनेक लोक एकदम आजारी पडत, तसे इथे होत नव्हते. २०१२ मध्ये उलगडा झाला, तेव्हा तिथल्या कुत्र्यांच्या पायांतून नारू बाहेर पडताना दिसले. जनुकीय तपासणीत कुत्र्यांमधला आणि माणसांमधला कृमी एकाच जातीचा निघाला. पुढे शोध वाढवला तसे कुत्र्यांचे आकडेही वाढले, आणि २०१९ मध्ये एकट्या चाडमध्ये जवळपास दोन हजार कुत्री बाधित आढळली. इथिओपियात काही बबून माकडांमध्ये, तर मालीमध्ये आणि पुढे कॅमेरूनमध्ये कुत्र्यांमध्ये नारू सापडला.

कुत्री केवळ पाणी पिऊन बाधित होतात असे संशोधकांना वाटत नाही. नदीकाठी कोळी मासे साफ करून आतडी व लहान मासे तिथेच टाकतात आणि कुत्री ती कच्चीच खातात. मासे आणि बेडूक यांनी सायक्लॉप्स खाल्लेले असतात आणि त्यांच्या शरीरात नारूची अळी जिवंत राहू शकते, म्हणून हा मार्ग फार संभाव्य मानला जातो. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मासे खाल्ल्याने माणसांनाही याच वाटेने बाधा होत असावी. म्हणून आता तिथल्या गावांत माशांची घाण पुरली जाते, मासे पूर्ण शिजवण्यास सांगितले जाते, बाधित कुत्री कृमी पूर्ण बाहेर येईपर्यंत बांधून ठेवली जातात, आणि बाधित प्राण्याची खबर देणाऱ्याला रोख बक्षीस मिळते. याचा परिणाम होत आहे आणि चाडमधील बाधित कुत्र्यांची संख्या २०१९ च्या तुलनेत खूपच उतरली आहे. तरीही मोकाट हिंडणाऱ्या प्राण्याला ‘पाण्यात पाय घालू नकोस’ असे समजावता येत नाही, ही अडचण राहतेच. कोणत्याही देशाला प्रमाणपत्र मिळण्यासाठी आता माणसांबरोबर प्राण्यांमध्येही सलग तीन वर्षे रोग शून्यावर असावा लागतो.

दुसरे कारण युद्ध. माली, सुदान, दक्षिण सुदान आणि चाडचा काही भाग इथे कार्यकर्त्यांना गावात पोहोचणेच कित्येकदा अशक्य होते. १९९५ मध्ये जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने सुदानच्या यादवीत या रोगासाठी जवळपास सहा महिन्यांची शस्त्रसंधी झाली होती आणि त्या अवधीत गाळण्याची हजारो कापडे लोकांपर्यंत पोहोचली. शेवटचा नारू आपल्याआधी मरावा, अशी इच्छा कार्टर यांनी बोलून दाखवली होती. २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते गेले तेव्हा ती थोडक्यासाठी अपुरी राहिली, याची मला मनापासून खंत वाटते.

तेव्हा वर्गात सांगताना एवढेच जोडावे की पंधरा रुग्ण शोधणे हे पंधरा हजार शोधण्यापेक्षा अवघड असते. लपलेला एक रुग्ण किंवा एक कुत्रा एक पाणवठा दूषित करतो आणि त्याचा परिणाम एक वर्षानंतरच दिसतो. म्हणून रुग्ण उरले नाहीत असे वाटत असतानाही प्रत्येक अफवेची चौकशी करावी लागते, आणि त्यासाठी पैसा व माणसे तितकीच लागतात.

प्रश्न : आमच्या गावातील तरुण मंडळाने जुनी पायऱ्यांची बारव गाळ काढून स्वच्छ केली. आता काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात की ती उघडी ठेवली तर नारू परत येईल. हे खरे आहे का?
(एक वाचक, कागल तालुका)

उत्तर : नाही. बारवेत सायक्लॉप्स असले तरी त्यांच्यात नारूची अळी येण्यासाठी बाधित माणसाचा किंवा प्राण्याचा पाय त्या पाण्यात पडावा लागतो, आणि भारतात १९९६ नंतर असा रुग्ण नोंदवला गेलेला नाही. ज्येष्ठांनी पूर्वी जे पाहिले असेल त्यावरून त्यांना भीती वाटणे स्वाभाविक आहे, तेव्हा त्यांना हे आदराने समजावून सांगावे. बारव जतन करावी, आपल्या मंडळाने चांगले काम केले आहे.

मात्र ते पाणी पिण्यासाठी वापरू नये, आणि त्याचे कारण वेगळे आहे. कापडाने गाळल्यावर सायक्लॉप्स अडतात, पण काविळीचे विषाणू आणि विषमज्वराचे जिवाणू कापडातून सहज पार होतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची केवढी मोठी साथ आली होती हे आपल्या जिल्ह्याला चांगलेच आठवते. पिण्याचे पाणी उकळून किंवा योग्य प्रमाणात क्लोरीन घालूनच घ्यावे.

प्रश्न : माझे पती सैन्यात आहेत आणि शांतिसेनेच्या तुकडीबरोबर दक्षिण सुदानला जाणार आहेत. तिथे नारू अजून आहे असे वाचले. काय काळजी घ्यावी?
(एक वाचिका, शिरोळ तालुका)

उत्तर : ताई, दक्षिण सुदानमध्ये रुग्ण अजून आढळतात हे खरे आहे, पण त्यांची संख्या फार थोडी आहे आणि ते बहुधा दूरच्या गुरेपालक वस्त्यांमध्ये असतात. छावणीत शुद्ध केलेले पाणी पिणाऱ्या जवानाला धोका अत्यल्प आहे. गस्तीवर असताना तळ्याचे, ओढ्याचे किंवा डबक्याचे पाणी पिण्याची वेळ आलीच तर ते आधी बारीक कापडातून गाळावे आणि मग उकळावे. मासे पूर्ण शिजलेलेच खावेत.

याहून महत्त्वाची सूचना परत आल्यानंतरची आहे. बाधा झाल्यापासून कृमी दिसेपर्यंत साधारण दहा ते चौदा महिने जातात. म्हणून घरी आल्यानंतरही साधारण सव्वा वर्ष पायावर आग होणारा फोड आला तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. अशा फोडाला विहिरीचे, नदीचे किंवा तळ्याचे पाणी लागू देऊ नये, तो घरी फोडू नये, आणि लष्करी रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच दाखवून आपण दक्षिण सुदानमध्ये होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आजच्या बहुतेक तरुण डॉक्टरांनी नारूचा रुग्ण कधीच पाहिलेला नाही, त्यामुळे प्रवासाची माहिती मिळाली नाही तर निदान चुकण्याचा संभव आहे. आपल्या पतींना हे पत्र वाचायला द्यावे.