तुझ्या यादीतील चाळीस कामे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची चाळीस कलमांची यादी मिळाली. बांबूचा ब्रश, स्टीलची स्ट्रॉ, काम झाल्यावर मोबाइलचा चार्जर भिंतीवरून काढणे, कापडी पिशवी, छापील कागदाची मागची कोरी बाजू वापरणे, अशी ती यादी वाचताना तुझी तळमळ जाणवली. शेवटी तू विचारले आहेस की यातले सगळे रोज पाळणे जमत नाही आणि नाही जमले की अपराधी वाटते, तर काय करावे. माझे उत्तर असे की यादी फाडू नकोस, पण तिला तराजू लाव. तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाकडून तूही याहून वेगळी अपेक्षा केली नसशील.

चार्जरपासूनच सुरुवात करू. आजच्या मोबाइलची बॅटरी एकदा पूर्ण भरायला साधारण दोन-अडीच शतांश युनिट वीज लागते, म्हणजे महिनाभर रोज चार्ज केलास तरी एक युनिटसुद्धा पुरते होत नाही, आणि मोबाइल न जोडता नुसता लटकत राहिलेला चार्जर तर त्याच्याही किती तरी कमी वीज खातो. आता आंघोळीचा हिशेब कर. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी, हे तुला पाठ आहे. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवली तर ४०० किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या युनिटाच्या आतच काम होते. तेच दहा मिनिटे शॉवरखाली उभे राहिले की सत्तरेक लिटर पाणी सहज वाहून जाते आणि दीड युनिटाच्या वर वीज जाते. महिनाभर चार्जर काढून ठेवण्याचे जे पुण्य तू जोडतेस, ते नाशिकच्या डिसेंबरातल्या एका सकाळी मोरीतून वाहून जाते. तुझ्या यादीत चार्जर सातव्या क्रमांकावर आहे आणि गिझरचा उल्लेखच नाही, म्हणून हे इतके लांबण लावले.

ही वीज कुठून येते हे पाहायला तुला दूर जावे लागणार नाही. नाशिकरोडला तुमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसत असतील. घरात येणारी वीज सगळ्या केंद्रांची मिळून एकाच जाळ्यातून येते, त्यामुळे तुमच्या पंख्याची वीज नेमकी एकलहऱ्याचीच असते असे म्हणता येत नाही, पण कोळशाच्या केंद्रात एक युनिट तयार करायला सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो, हा आकडा डोळ्यांसमोर असू दे. अभ्यासाच्या खोलीतला जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा बारा तास फिरला की जवळजवळ एक युनिट होते. त्याच वेगाने फिरणारा, नव्या पद्धतीच्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपास घेतो. बाबांना वाढदिवसाच्या भेटीबद्दल सुचवायचेच असेल तर हा पंखा सुचव. एसी घरात असेलच, तर तो अठरावर लावून वर रजई घेण्याची जी नवी रीत मी पाहतो आहे, ती मला अजून समजलेली नाही. चोवीसवर ठेवून पंखा लावला तर झोप तितकीच छान लागते आणि दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते.

पाण्याबद्दल लिहिताना मला आधी स्वतःचीच चूक सांगितली पाहिजे. शेजाऱ्यांनी बसवला म्हणून मीही काही वर्षांपूर्वी घरी आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणारा फिल्टर, बसवला आणि त्याची नळी थेट मोरीत सोडली. एक दिवस सहज तिच्याखाली बादली ठेवली, तेव्हा पिण्यासाठी एक तांब्या भरेपर्यंत जवळजवळ तीन तांबे पाणी त्या नळीतून फुकट जात असल्याचे दिसले. मग प्रयोगशाळेतले क्षार मोजण्याचे यंत्र आणून नळाचे पाणी तपासले, तर पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला पाचशे मिलिग्रॅमची जी इष्ट मर्यादा मानली जाते, तिच्या पुष्कळ खाली आकडा आला. आपले शहर गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांचे पाणी पिते. सह्याद्रीत पडलेल्या पावसाचे हे पाणी बोअरवेलच्या पाण्याच्या मानाने गोडे असते. त्याला जंतूंपासून निर्धोक करावे लागते, त्यातले क्षार काढण्याची गरज सहसा पडत नाही, म्हणजे साधा गाळणीचा किंवा अतिनील किरणांनी जंतू मारणारा यूव्हीचा फिल्टर पुरतो. तुमच्या इमारतीत नळाच्या पाण्यात बोअरचे पाणी मिसळत असतील तर गोष्ट वेगळी, म्हणून आधी पाणी मोजून घे. यंत्र ठेवणेच भाग पडले तर नळीतले पाणी फरशी पुसायला आणि भांडी विसळायला ठेव. गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झाले, त्या वेळचे नाशिक आणि आजचे नाशिक यांतला फरक तुझ्या आजीला विचार. धरण तेवढेच आहे, त्यात गाळ भरत चालला आहे आणि पाणीकपातीची बातमी आता पावसाळा लांबला की ठरलेलीच असते.

पाणी येते त्यापेक्षा जाते कुठे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तुझ्या चाळीस कलमांत नेमके हेच नाही. मोरीतले पाणी गटारांतून तपोवन, आगरटाकळी अशा मलनिस्सारण केंद्रांकडे जाते, आणि जे तिथवर पोहोचत नाही ते नासर्डी, वाघाडी यांसारख्या उपनद्यांतून सरळ गोदावरीत उतरते. तपोवनाच्या खाली नदीवर जो पांढरा फेस कधी कधी तरंगताना दिसतो, त्यात आपल्या घराघरांतल्या कपड्यांच्या पावडरीचाही वाटा असतो. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे पाणवेलींचे खत आहे. पाणवेली पसरल्या की पाण्यात उजेड आणि प्राणवायू कमी होतो, मासे गुदमरतात आणि पालिकेला बोटी आणून त्या उपसाव्या लागतात. यात तुझ्या हातात एक साधी गोष्ट आहे. कपडे धुताना घालण्याच्या पावडरीचे प्रमाण डब्यावर दिलेले असते ते कधी तरी वाच, आणि आपण घालतो त्याच्या अर्ध्याने कपडे स्वच्छ निघतात का हे आठवडाभर करून पाहा. धरणाचे पाणी मृदू असल्यामुळे इथे फेस लवकर येतो आणि पावडर कमी लागते. उरलेले तेल मोरीत ओतू नये हे आईला तू सांगण्याऐवजी ते तू स्वतः बाटलीत भरून ठेवलेस, तर ती काही दिवसांत आपोआप तसे करू लागेल, असा माझा अनुभव आहे.

आता जाण्यायेण्याविषयी. पुढच्या वर्षी बाबा दुचाकी घेऊन देणार असल्याचे तू लिहिले आहेस. नाशिकरोडहून गंगापूर रोडच्या कॉलेजपर्यंत जाऊन-येऊन चोवीसेक किलोमीटर होतात, म्हणजे रोजचे अर्धा लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोच्या आत वजनाच्या इंधनातून सव्वादोन किलोंपेक्षा जास्त वायू कसा निघतो, असे वर्गात दरवर्षी कोणी तरी विचारायचे. हवेतला प्राणवायू त्याला येऊन मिळतो, म्हणून वजन वाढते. तेव्हा रोज एक किलोहून थोडा जास्त आणि कॉलेजच्या दोनशे दिवसांत सव्वादोनशे किलोंच्या आसपास वायू, एवढी एकट्या कॉलेजच्या खेपांची किंमत आहे. विजेची स्कूटर घेतली तर कोळशाची वीज धरूनही हा आकडा साधारण निम्म्यावर येतो. सिटीलिंकची बस २०२१ च्या जुलैपासून धावते आहे. तिच्या वेळांबद्दल तुमच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत आणि त्यांतल्या काही रास्त आहेत, तरीही आठवड्यातले तीन दिवस बस आणि दोन दिवस मैत्रिणीच्या मागे बसून जाणे, ही तडजोड एकटीने पाच दिवस स्कूटर चालवण्यापेक्षा पुष्कळ हलकी पडते. सायकलचे मी मुद्दाम शेवटी लिहितो, कारण द्वारका चौकातून सायकल चालव असे सांगण्याचे धाडस मला होत नाही. आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, पण त्यांनाही द्वारकेला संध्याकाळी सहा वाजता जपूनच जावे लागत असेल. घराजवळची किराणा, दळण, क्लास ही कामे मात्र सायकलवर कर. थंड इंजिन छोट्या खेपांमध्ये सर्वांत जास्त पेट्रोल पिते.

कचऱ्याबाबत तुझी यादी पुरेशी आहे, एकच गोष्ट जोडतो. ओला आणि सुका कचरा घरात वेगळा ठेवून तो घंटागाडीत एकाच कप्प्यात ओतला जाताना पाहून तुझा उत्साह मावळला, असे तू लिहिले आहेस. हे मीही पाहिले आहे. तेव्हा ओला कचरा घंटागाडीत जाऊच देऊ नकोस. झाकणाच्या बादलीला खाली भोके पाड, तळाशी नारळाच्या शेंड्या आणि वाळलेली पाने घाल, वर भाजीची देठे आणि कांद्याची सालपटे टाकत जा, दर थराला मूठभर वाळलेला पाला आणि विरजणासाठी थोडे आंबट ताक घाल. वास आला तर ओल जास्त झाली असे समजून पाला वाढव. दोन-अडीच महिन्यांत खत होते. बंद ढिगात दडपून कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो, म्हणून बांबूच्या ब्रशाहून ही बादली कितीतरी मोलाची आहे.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून आणि एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर २०२२ पासून बंदी आहे, त्याविषयी तुला नवे सांगण्यासारखे काही नाही. नायलॉन मांजाबद्दल मात्र सांगतो, कारण तो विकत घेणारे तुझ्याच वयाचे असतात. त्यावर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी संक्रांत सरल्यावर महिनोन्महिने झाडांवर तो लोंबताना दिसतो, त्यात घारी, बगळे आणि घुबडे अडकून पंख कापून घेतात आणि दुचाकीवरच्या माणसांचे गळे चिरतात. येवल्याची आसारी, म्हणजे पतंगाची फिरकी, सुती दोऱ्यावर पिढ्यानपिढ्या फिरत आली आहे. तुझ्या धाकट्या भावाला साधा मांजा तू आणून दे, आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी गल्लीतल्या झाडांवरचा दोरा काढायला चार जण गोळा कर. हे काम दोन तासांचे आहे.

कपडे आणि मोबाइल यांचे ओझे वापरण्यात कमी आणि बनवण्यात जास्त असते. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी धरले जाते. त्यामुळे पर्यावरणाचा संदेश छापलेला नवा टी-शर्ट घेण्याचा तुमच्या गटाचा बेत मला तितकासा पटला नाही. मोबाइलची बॅटरी बदलून तो आणखी दोन वर्षे चालव. गोधडीसाठी आजीने साठवलेल्या जुन्या साड्यांबद्दल तर तिलाच विचार, या विषयात तिला माझ्यापेक्षा जास्त कळते.

पुढच्या पत्रात यादी पाठवू नकोस, आकडे पाठव. एक तारखेला आणि तीस तारखेला विजेच्या मीटरवरचा आकडा, महिन्यात किती दिवस बसने गेलीस ते, आणि तुमच्या घरी आरओ असेल तर त्याच्या नळीखालच्या बादलीचे माप. त्यावरून कोणती पाच कामे ठेवायची आणि कोणती पस्तीस सोडायची, ते आपण दोघे बसून ठरवू.

आणि डिसेंबरातला एखादा रविवार मोकळा ठेव. शहरातून वाहत गेलेली गोदावरी निफाड तालुक्यात कादवेला मिळते, तिथे नांदूरमधमेश्वरचा बंधारा आहे. महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची २०१९ साली नोंद झाली. आपल्या मोरीतून गेलेले पाणी पुढे ज्या पक्ष्यांच्या वाट्याला येते, ते चक्रवाक आणि वारकरी तिथे थव्यांनी बसलेले असतात. उन्हे चढण्याआधी पोहोचायला हवे, म्हणजे पहाटे पाचला निघावे लागेल. दुर्बीण माझ्याकडे आहे, डबा तू आण.

तुझा,
सर